जुन्या लाकडाची नवी कळा

जुन्या बाजारातून घरी आणलेल्या कपाटाचे पुढे काय होते, यावरून त्या घराच्या रसिकतेची परीक्षा होत असते. ही परीक्षा चेन्नईसारख्या शहरात वारंवार द्यावी लागते. कारण तेथे जुन्या वस्तूंच्या व्यापाराला मोठी परंपरा आहे. सेंट्रल स्टेशनालगतचे मूर मार्केट १९०० मध्ये सुरू झाले. ३० मे १९८५ च्या आगीत ते भस्मसात झाले आणि व्यापाऱ्यांना जवळच्या लिली पाँड संकुलात जागा मिळाली. जुन्या सामानाचा आणखी एक ओघ येतो तो चेट्टिनाडमधून. ब्रह्मदेशात सावकारी करून संपन्न झालेल्या चेट्टियार घराण्यांनी तिकडचा साग आणून मोठमोठे वाडे उभारले. १९४२ मध्ये जपानी सैन्य ब्रह्मदेशात शिरले आणि त्या सावकारीला उतरती कळा लागली. पुढे अनेक वाडे ओस पडले आणि त्यांतील दरवाजे, पेट्या, झोपाळ्याच्या फळ्या कारैकुडीच्या बाजारात विक्रीस आल्या.

अशा वस्तूवर पुष्कळदा तैलरंगाचे थरावर थर चढलेले असतात. तिला पुन्हा रंग द्यावा की पॉलिश करावे? रंग लाकडाला झाकतो, तर पॉलिश त्याच्या रेषा उजळते. लाकूड हलके असेल, जागोजागी ठिगळे लावलेली असतील, तर लांबी भरून रंग देणेच शहाणपणाचे. पण आत जुना साग किंवा शिसव असेल, तर त्यावर रंग फासणे हा अन्याय होय. म्हणून निर्णयापूर्वी खण बाहेर काढून त्याची मागची, कोणीही न रंगवलेली बाजू पाहावी. लाकूड आपली जात तेथे सांगते.

जुना रंग काढताना मात्र घाई नको. पूर्वीच्या अनेक रंगांत शिसे असे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दर दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, असा नियम भारतात २०१६ मध्ये झाला आणि तो पुढील वर्षी अमलात आला. त्यापूर्वीचा रंग कोरडा घासला, तर विषारी धूळ उडते आणि लहान मुलांना तिचा धोका सर्वाधिक असतो. पृष्ठभाग ओला ठेवावा, तोंडाला योग्य मुखपट्टी बांधावी, मुलांना दूर ठेवावे.

लाकूड उघडे झाले की पॉलिश पेपर रेषांच्या दिशेनेच फिरवावा. लाकडाची छटा गडद करावयाची असेल, तर आत मुरणारा रंग प्रथम आडबाजूला लावून पाहावा. शेवटी येते लाखेचे पॉलिश. कुसुम, पळस, बोर या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांच्या स्रावापासून चपडा लाख तयार होते. ती स्पिरिटमध्ये विरघळवून, मलमलीत गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने एकावर एक पातळ हात देतात. ओल हा या पॉलिशचा शत्रू. दमट हवेत त्यावर पांढुरकी झाक येते. महाराष्ट्रात हे काम आषाढ-श्रावणात टाळतात. चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो, म्हणून तेथे ते फेब्रुवारी-मार्चवर ठेवणे बरे.

आधुनिक पॉलियुरेथेनचा लेप पाण्याला आणि गरम पेल्याला अधिक दाद देत नाही, हे खरे. जेवणाच्या मेजाला तोच सोयीचा. पण तो खराब झाला की बहुधा घासूनच काढावा लागतो, आणि प्रत्येक घासणीत थोडे लाकूड जाते. लाखेचे पॉलिश स्पिरिटने पुन्हा विरघळते. नवा हात जुन्यात मिसळून जातो आणि मूळ लाकूड शाबूत राहते.

शंभर वर्षांचा साग एका मालकाच्या हयातीत संपत नाही. आजच्या मालकाला जी छटा आवडली, ती उद्याच्या मालकाला आवडेलच असे नाही. त्याला आपल्या आवडीप्रमाणे बदल करता यावा, एवढी जागा मागे ठेवणे, हाच जुन्या लाकडाचा खरा सन्मान होय.