पदवीवाचून परिचारिका



तान्हे मूल अत्यवस्थ झाले की आपण वसई-विरारकर मुंबईची गाडी धरतो. गडचिरोलीच्या खेड्यांत ती सोय कुठली? तेथे डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून गावातल्याच अल्पशिक्षित स्त्रियांना नवजातांची शुश्रूषा शिकविली. बाळाचे वजन करावे, त्याला ऊब द्यावी, मिनिटभर श्वास मोजावेत, जंतुदोष दिसल्यास इंजेक्शन द्यावे, एवढेच या आरोग्यदूतांचे काम. पण इतर गावांशी ताडून पाहता ३९ गावांतील नवजातांचे मृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटले! १९९९ साली ‘लॅन्सेट’ने हे प्रसिद्ध केले; २०११ पासून याच धर्तीवर देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या. अशी बाई दारी आली, तर तिला उंबरठ्याबाहेर तिष्ठत ठेवू नका. बाळ तिच्या हाती द्या. तिचा सत्कार तोच.