निबंधाची वही आणि आपले घर
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



दोन शब्द बोलण्याची मंडळाने आज्ञा केली, तेव्हा विषय शोधण्याचे श्रम आम्हांस पडले नाहीत. आमचे सारे आयुष्य पाचवी ते सातवीच्या मुलांस मराठी शिकविण्यात व त्यांच्या वह्या तपासण्यात गेले. बोलावयाचे ते त्या वह्यांविषयीच.

गेल्या वर्षी मंडळाच्या निबंधस्पर्धेचे परीक्षण आमच्याकडे होते. विषय होता 'माझी आई'. निबंध मुलांनी घरून लिहून आणावयाचे होते. बहुतेक निबंधांतील आई पहाटे पाचाला उठत होती, अंगणात सडा घालीत होती आणि तुळशीला प्रदक्षिणा घालीत होती. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या आपल्या कुटुंबांत इतकी अंगणे कोठून आली, ही शंका आम्हांस त्या वेळी यावयास हवी होती. ती आली नाही. सुवाच्य अक्षर आणि निर्दोष शुद्धलेखन पाहून आम्ही पहिले बक्षीस दिले. समारंभ आटोपल्यावर त्या मुलीची आई आम्हांस हसत म्हणाली, "गुरुजी, मी सातला डबा घेऊन बँकेत जायला निघते. ही आई गाइडातली आहे हो!" आम्हीही हसलो. घरी गेल्यावर मात्र ते हसू टिकले नाही.

कारण मुलीने आम्हांस फसविले नव्हते. आम्हांस काय आवडते हे तिने अचूक ओळखले होते.

पाठ्यपुस्तकात प्रत्येक धड्याखाली स्वाध्याय असतो. एका वाक्यात उत्तरे द्या, समानार्थी शब्द लिहा, आणि शेवटी कोठेतरी 'तुमच्या शब्दांत लिहा' असा एक प्रश्न. हा शेवटचा प्रश्नच खरा भाषेचा. आणि वर्गात नेमका तोच फळ्यावरून उतरवून घेतला जातो. सन २०१० पासून आपल्या राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. केवळ लेखी परीक्षेवर भिस्त न ठेवता वाचन, संभाषण, उपक्रम व प्रकल्प यांनाही महत्त्व द्यावे, हा त्यामागील हेतू उत्तम होता. पण प्रकल्पाची वही रात्री अकरापर्यंत जागून कोण पुरी करते, हे येथे बसलेल्या माताभगिनींस विचारावे. आता तर मोबाईलला विषय सांगितला की अर्ध्या मिनिटात निबंध हजर होतो, आणि त्यात शुद्धलेखनाच्या चुका फारशा नसतात.

परंतु सारा दोष गाइडावर व मोबाईलवर ढकलणे आम्हांस शोभणार नाही. एक जुनी गोष्ट आज येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गात आम्ही 'माझे आजोबा' हा निबंध घातला होता. आपल्याच तांबट समाजातील एका मुलाने दीड पान लिहिले. आजोबा हंडा मठारतात तेव्हा घरात कोणी मोठ्याने बोलत नाही, कारण ते ठोक्याचा आवाज ऐकून पत्रा ओळखतात, असे त्यात होते. कल्हईच्या वेळी नवसागराचा पांढरा धूर उठला की आजी खिडकी उघडते, असेही होते. आम्ही काय केले? 'मठारतात' हा शब्द खोडून वर 'ठोकतात' असे लिहिले. ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांभोवती लाल वर्तुळे काढली आणि खाली शेरा दिला : 'भाषा सुधारा'. वास्तविक 'मठारणे' हा मराठीतील जुना, चांगला शब्द. हलक्या हाताने ठोके देत भांड्याच्या अंगावर चकाकी आणणे वेगळे आणि नुसते ठोकणे वेगळे. आम्ही स्वतः तांबटाचे पोर असून तो खोडला, कारण पाठ्यपुस्तकात तो आमच्या पाहण्यात नव्हता.

पुढच्या निबंधापासून त्या मुलाची भाषा सुधारली. त्याचे आजोबा सर्वांच्या आजोबांसारखे काठी टेकीत देवळात जाऊ लागले. त्यास गुणही चांगले मिळाले.

शुद्धलेखन नको असे आमचे म्हणणे नाही. आमच्या लहानपणी उच्चारात नसलेल्या अनुस्वारांसाठीही आम्ही मार खाल्ला आहे. १९६२ च्या नियमांनी ते अनुस्वार गेले, तेव्हा मार मात्र परत मिळाला नाही! नियम बदलतात, शिकविताही येतात. मुलाने घरातून आणलेला शब्द एकदा खोडला, की तो पुन्हा वहीत येत नाही.

वाचनाचेही तसेच आहे. सन २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, तेव्हा इंग्रजी शाळेत जाणाऱ्या आपल्या नातवंडांच्या दप्तरातही मराठीचे पुस्तक असणारच. ते मूल अडखळत वाचते म्हणून त्यास हसू नये. रात्री जेवणानंतर एक पान त्याने मोठ्याने वाचावे व आजीने ऐकावे. अडलेला शब्द आजीने सांगावा, आणि आजीस न कळलेला त्याने शोधावा. यास खर्च काहीच नाही. दूरदर्शन संच तेवढा वीस मिनिटे बंद ठेवावा लागेल. काही घरांत हाच खर्च सर्वांत जड जाईल, हे आम्ही जाणतो.

आता मंडळापुढे एक विनंती. यंदाची निबंधस्पर्धा घरून लिहून आणण्याची नसावी. मुलांनी याच सभागृहात बसून तासभर लिहावे. विषय असावा 'आमच्या घरातील एक जुने भांडे'. ते कोणी घडविले, कोणाच्या लग्नात आले, त्यावर कोणाचे नाव कोरले आहे, आता ते माळ्यावर आहे की मोडीत गेले, हे मुलांनी आधी घरी विचारून यावे. लिहून मात्र आणू नये. ऱ्हस्वदीर्घाचे गुण कापले जाणार नाहीत. निवडलेले निबंध पुढील स्मरणिकेत मुलांच्या शब्दांसह छापावेत. परीक्षणाचे काम मंडळाने पुन्हा आमच्याकडे दिले, तर लाल शाईचे पेन आम्ही घरीच ठेवून येऊ.

पालकांनी मुलांस नऊ वाजता येथे सोडावे आणि खाली चहाला जावे.