गुणपत्रिका आणि गोतावळा

(परभणी जिल्ह्यातील महाविद्यालयीन विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यासाठी दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



परभणी जिल्ह्यात दहावीचा निकाल लागला की हुशार मुलाच्या घरी एकच प्रश्न विचारला जातो : लातूर की नांदेड? शिकवणीचे शुल्क, खोलीचे भाडे, खानावळ यांचा हिशेब होतो. प्रसंगी जमिनीचा तुकडा गहाण पडतो. त्याच वेळी घरात एक अलिखित नियम लागू होतो. आता दोन वर्षे मामाच्या मुलीचे लग्न नाही, गणपतीची आरास नाही, सायंकाळचे मैदान नाही, आजीला भेटायला गावी जाणे नाही. आई-वडील हे सर्व मुलाच्या कल्याणासाठीच करतात, याविषयी शंका नाही.

पुढे मुलगा महाविद्यालयात जातो, वसतिगृहात राहू लागतो आणि या नियमाचे फळ दिसू लागते. काही विद्यार्थ्यांना बंद दाराची इतकी सवय झालेली असते की शेजारच्या खोलीतला मुलगा तापाने फणफणला तरी त्यांना कळत नाही. काहींना अचानक मोकळीक मिळते आणि पहिले वर्ष कट्ट्यावर व मोबाइलवर सरते. पहिल्याचे गुण उत्तम असतात, पण मनातले बोलायला माणूस नसते. दुसऱ्याभोवती माणसे पुष्कळ असतात, पण सत्राच्या परीक्षेत तीन विषय राहिलेले असतात. वरवर पाहता हे दोघे परस्परविरुद्ध वाटतात. परंतु दोघांनाही लहानपणापासून एकच गोष्ट शिकविली गेली आहे : अभ्यास आणि माणसे ही एकमेकांची शत्रू आहेत. एकाने अभ्यास निवडला, दुसऱ्याने माणसे. हे गृहीतच मुळात तपासून पाहिले पाहिजे.

शून्य गुणांचे मंडळ

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांचे विद्यार्थिजीवन या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. बालपणीच आई-वडिलांचे छत्र हरपलेले, नातेवाइकांच्या आश्रयाने वाढलेले हे विद्यार्थी १९३५ साली सीकर येथून मॅट्रिकच्या परीक्षेत अजमेर बोर्डात प्रथम आले. १९३७ साली पिलानी येथील बिर्ला महाविद्यालयातून ते इंटरमीजिएट परीक्षेत विशेष गुणवत्तेसह उत्तीर्ण झाले. १९३९ साली कानपूरच्या सनातन धर्म महाविद्यालयातून त्यांनी बी. ए. ही पदवी प्रथम श्रेणीत मिळविली. अशा विद्यार्थ्याने स्वतःला पुस्तकात कोंडून घेतले असते, तर कोणी दोष दिला नसता. प्रत्यक्षात, चरित्रकार सांगतात त्याप्रमाणे, त्यांनी अभ्यासात मागे राहणाऱ्या विद्यार्थ्यांना एकत्र करून ‘झिरो असोसिएशन’ नावाचे एक मंडळच काढले. ज्यांना परीक्षेत शून्याच्या आसपास गुण मिळत त्यांना शिकविणे, हे त्या मंडळाचे काम. कानपूरला बळवंत महाशब्दे या मराठी सहाध्यायामुळे १९३७ साली त्यांचा संघाशी संबंध आला, आणि तरीही दोन वर्षांनी त्यांची प्रथम श्रेणी टिकली.

या उदाहरणाकडे केवळ थोरांचा मोठेपणा म्हणून पाहू नये. त्यामागे अध्ययनाचे एक साधे शास्त्र आहे. एखादा धडा दहा वेळा वाचला तरी तो समजल्याचा भास होऊ शकतो. तोच धडा न समजणाऱ्या मित्राला सांगायला बसले की आपल्याला कोठे काय कळलेले नाही ते तत्काळ उघड होते. मित्र अडचणीचा प्रश्न विचारतो, उत्तरासाठी पुन्हा पुस्तकाकडे जावे लागते आणि आठवून सांगितलेली गोष्ट स्मरणात पक्की बसते. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत स्वाध्याय आणि प्रवचन, म्हणजे स्वतः शिकणे आणि दुसऱ्याला शिकविणे, ही दोन कर्तव्ये जोडीनेच सांगितली आहेत. गंगाखेडच्या संत जनाबाईंच्या जिल्ह्यात हे अधिक सोप्या शब्दांत सांगता येईल : जात्याला दोघींचे हात लागले की दळण लवकर सरते.

किती वेळ लागतो?

‘हे सर्व खरे, पण वेळ कोठून आणायचा?’ हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आकड्यांत पाहावे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली. तिच्या स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास समाजकार्य करावे, अशी अपेक्षा असते. २४० हा आकडा मोठा दिसतो. दोन वर्षांच्या दिवसांवर वाटला तर तो दिवसाला वीस मिनिटेही भरत नाही. तेवढा वेळ तर मोबाइलचा पडदा वर सरकविण्यात नकळत निघून जातो. म्हणजे टंचाई वेळेची नसून नियोजनाची आहे.

परभणीतच याचे दुसरे उदाहरण आहे. येथील कृषी महाविद्यालय १९५६ साली सुरू झाले आणि १९७२ साली कृषी विद्यापीठ स्थापन झाले. आज ते वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते. कृषी पदवीच्या अंतिम वर्षात ग्रामीण कृषी कार्यानुभव हा अभ्यासक्रमाचा भाग आहे. कृषिदूत आणि कृषिकन्या गावात जातात, शेतकऱ्याच्या बांधावर उभे राहतात, बीजप्रक्रिया करून दाखवितात, माती परीक्षणाचे नमुने कसे घ्यावेत ते सांगतात. त्यांच्या गुणपत्रिकेत या कामाचेही मूल्यमापन होते. गावकऱ्यांशी बोलता येणे हे शेतीशास्त्राच्या पदवीधराला लागणारे ज्ञानच आहे, हे विद्यापीठांनी मान्य केले आहे. मुलीला चार घरी जाऊ द्यायला कचरणाऱ्या पालकांनी या कृषिकन्यांकडे पाहावे. माणसांत वावरण्याचा आत्मविश्वास हे मुलींच्याही शिक्षणाचे अंग आहे.

कार्याच्या नावाखाली

येथे एक कटू गोष्टही स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. काही तरुण कार्यकर्ते सभा, बैठका, स्वागत, मिरवणुका यांत इतके रमतात की परीक्षा केव्हा आली ते त्यांना कळत नाही. नापास झाल्यावर ते ‘समाजासाठी वर्ष दिले’ असे समाधान करून घेतात. असा कार्यकर्ता स्वतःचे नुकसान करतो आणि कार्याचेही करतो. त्याचा निकाल पाहून गल्लीतील दहा घरे आपापल्या मुलांना पाठविणे बंद करतात. डॉ. हेडगेवार १९१० साली कोलकात्याच्या नॅशनल मेडिकल कॉलेजात शिकण्यासाठी गेले. क्रांतिकारकांशी संबंध, १९१३ च्या दामोदर नदीच्या पुरातील सेवाकार्य, हे सर्व त्यांनी केले. परंतु नागपूरला परतले ते वैद्यकीय परीक्षा उत्तीर्ण होऊनच. विद्यार्थ्याचे पहिले समाजकार्य म्हणजे त्याचे अध्ययन. आई-वडिलांच्या घामाचा पैसा त्यात गुंतलेला असतो, आणि आई-वडील हाही समाजच आहे.

जेव्हा निवड करावी लागते

तथापि नियोजन कितीही काटेकोर असले तरी आयुष्यात क्वचित असा क्षण येतो की दोन्ही गोष्टी साधत नाहीत. १९३८ साली परभणी जिल्हा निजामाच्या राजवटीत होता. मराठवाड्यातील मुलांना पदवीसाठी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाची वाट धरावी लागे. त्या वर्षाच्या अखेरीस वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास बंदी आली. औरंगाबाद व हैदराबाद येथील विद्यार्थ्यांनी ती मानली नाही आणि त्यांना काढून टाकण्यात आले. गरीब घरांतून आलेल्या त्या मुलांसाठी शिक्षण हीच एकमेव शिडी होती. माफी लिहून देणाऱ्याचे वर्ष वाचले असते. परंतु एकाने माफी मागणे म्हणजे शेजारच्या खाटेवरील मित्राला एकटे सोडणे होते. पुढे नागपूर विद्यापीठाने त्यांना प्रवेश दिला आणि अनेकांनी तेथे शिक्षण पूर्ण केले. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्याच विद्यार्थ्यांपैकी एक.

दीनदयाळजींवरही असाच प्रसंग आला. आग्र्याला एम. ए. च्या पहिल्या वर्षी प्रथम श्रेणी मिळविल्यानंतर आजारी बहिणीच्या शुश्रूषेसाठी त्यांनी अंतिम परीक्षा सोडली. ती बहीण वाचली नाही आणि ती पदवी अपुरीच राहिली. ही किंमत खरी होती. परंतु असे प्रसंग आयुष्यात एकदा-दोनदा येतात. रोजच्या गप्पांसाठी पुस्तक मिटविणाऱ्याने त्यांचा आधार घेऊ नये.

जिल्ह्याचे काय?

त्याच आग्र्यात दीनदयाळजींच्या सोबत काम करणारे एक तरुण कार्यकर्ते होते नानाजी देशमुख. ११ ऑक्टोबर १९१६ रोजी त्यांचा जन्म कडोळी गावी झाला. हे गाव तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. १९९९ पासून ते हिंगोली जिल्ह्यात आहे. शाळेच्या शुल्कासाठी भाजी विकलेला हा मुलगा शिक्षणासाठी दूर पिलानीपर्यंत पोहोचला. पुढे १९५२ साली गोरखपूरला पहिले सरस्वती शिशुमंदिर उभे राहण्यात त्यांचा पुढाकार होता. राजकारणातून निवृत्त झाल्यावर त्यांनी चित्रकूट परिसरातील खेड्यांना वाहून घेतले, आणि १९९१ साली तेथे ग्रामोदय विद्यापीठ आकाराला आले. २०१९ साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले. कडोळीचा मुलगा दूर गेला, पण खेडे त्याच्या मनातून गेले नाही. कारण बाजारात, गल्लीत, माणसांत वावरूनच तो वाढला होता.

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण या जिल्ह्यातील लोक हसत हसत सांगतात. आज येथील हुशार मुले पुण्याला, हैदराबादला, परदेशी जातात. त्यांनी जावेच. प्रश्न एवढाच की जाताना ती बरोबर काय नेतात? ज्या मुलाची पंधराव्या वर्षापासून गल्लीशी, नातलगांशी, सवंगड्यांशी ताटातूट झाली, त्याला जिंतूर, पाथरी, सेलू किंवा पालमची आठवण कशाने यावी? परत यावे, गावच्या शाळेला हात द्यावा, असे त्याला वाटले नाही तर दोष त्याचा एकट्याचा म्हणता येईल का? लग्नकार्य, सण, सवंगडी यांच्यापासून मुलाला तोडून जे गुण मिळतात, त्यांची किंमत कधी घराला, तर कधी जिल्ह्याला मोजावी लागते.

म्हणून काही साधे संकल्प पुरेसे आहेत. विद्यार्थ्याने झोप आणि अभ्यासाचे तास आधी निश्चित करावेत, मग आठवड्यातील ठरावीक वेळ माणसांसाठी राखावा. दहा मंडळांत नाव घालण्यापेक्षा एकाच कामाची जबाबदारी घ्यावी आणि ती पार पाडावी. परीक्षेपूर्वीचे तीन-चार आठवडे बाहेरची कामे सोबत्यांकडे सोपवावीत. त्यांच्या परीक्षेत ती आपण उचलावीत. वर्गातील मागे पडणाऱ्या एका तरी विद्यार्थ्याला सत्रभर सोबत घेऊन शिकवावे. पालकांनी सुटीत घरी आलेल्या मुलाला टक्के विचारण्याआधी त्याच्या खोलीसोबत्याचे नाव विचारावे, त्याचे गाव कोणते, त्याच्या घरी काय चालते, हे विचारावे. मुलाला उत्तर देता आले तर समजावे की त्याचे शिक्षण योग्य मार्गाने चालले आहे. उत्तर देता आले नाही, तर गुण कितीही असोत, पुढच्या सुटीत त्या मित्राला चार दिवस घरी घेऊन येण्यास सांगावे.