घोंगडीचा माग आणि आपले कर्तव्य
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



सातारा जिल्ह्यातील माण व खटाव आणि सांगली जिल्ह्यातील आटपाडी व जत हे तालुके पर्जन्यछायेचे. जेथे पिकाचा भरवसा नाही, तेथे मेंढीने माणसाला तारले. धनगराने मेंढरे राखावी, आपल्या संगर समाजाने त्या लोकरीची घोंगडी विणावी आणि कुणब्याने ती थंडीपावसात पांघरावी, असा हा व्यवहार पिढ्यानुपिढ्या चालत आला. धनगरांच्या धर्मविधींत घोंगडीचे आसन पवित्र मानतात. ज्यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली, त्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या खांद्यावरही घोंगडीच असे.

ही कला दिसते तितकी सोपी नाही. दख्खनी मेंढीची लोकर वर्षातून दोनदा कातरतात. कोकराच्या पहिल्या कातरणीचे ते जावळ. त्याची घोंगडी विशेष मऊ. लोकर निवडावी, पिंजावी, सूत काढावे, ताणा पसरून त्यास चिंचोक्याची खळ द्यावी. खळ वाळली म्हणजे सूत बळकट होते व मागावर तुटत नाही. मग खड्ड्याच्या मागावर बसून, पावड्या दाबीत, धोटा फेकावा. विणणाराचे नाव होते. परंतु सूत काढणाऱ्या माउलीचे दिवस किंमत ठरविताना कोण धरतो?

आज हा माग का थांबत आहे? पानिपतची स्वस्त ब्लँकेटे गावोगाव आली, हे एक कारण. दुसरे असे की, मेंढी आता मुख्यतः मांसासाठी पाळली जाते. जतकडील माडग्याळ मेंढीची ख्याती तिच्या उंच अंगलटीसाठी आहे, लोकरीसाठी नव्हे. कातरणीची मजुरीही सुटेना, म्हणून कित्येक ठिकाणी लोकर उकिरड्यावर जाते. बाप मागावर बसतो, पण मुलाने बसावे असे त्यालाच वाटत नाही. त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. पोट भरत नसेल, तर वारशाची महती सांगून कोणालाही मागावर बसविता येत नाही.

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांवर हॅरिस ट्वीड नावाचे लोकरी कापड विणतात. बेटावरील रहिवाशाने स्वतःच्या घरी हाताने विणलेले असेल तरच त्यास ते नाव लावता येते, असा कायदा १९९३ साली झाला. जाडीभरडी लोकर त्यांना आड आली नाही. नावाची पत राखल्यामुळे विणकराची भाकरी टिकली.

आपणही काही करू शकतो. घरातील मंगलकार्यासाठी एक घोंगडी थेट विणकराकडून घ्यावी आणि सूतकताईची मजुरी निराळी मोजून द्यावी. शिकलेल्या मुलांनी आसने, पिशव्या, भिंतीवरील पट अशा नव्या वस्तूंसाठी गिऱ्हाईक शोधावे. वृद्ध विणकरांकडून मागाची परिभाषा व रीत लिहून घ्यावी; ती त्यांच्याबरोबर गेली, तर पुन्हा मिळणार नाही.

दरवर्षी ठराव करावयाचा आणि पुढील मेळाव्यापर्यंत विसरावयाचा, याला आपल्या भाषेत भिजत घोंगडे म्हणतात. घोंगडी विणणाऱ्या समाजाने तरी ते भिजत ठेवू नये, एवढीच विनंती करून आम्ही आमचे दोन शब्द पुरे करतो.