आवाज पोचतो; माणूस पोचतो का?



विषयपत्रिकेवर माझ्या नावापुढे 'धर्मगुरू आणि नवी यंत्रे' असे वाचून तुमच्यापैकी काहींच्या मनात आले असेल की, या कामगार संघटनेच्या माणसाला चर्चमध्ये कोणी नेऊन बसवले? प्रश्न रास्त आहे. मी कोणत्याही धर्माचा प्रचारक नाही. शाळा माझी आठवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयात. पण तीस वर्षे मी माणसे गोळा करण्याचेच काम करीत आलो आहे. जो माणसे गोळा करतो त्याने दुसरे लोक ती कशी गोळा करतात हे पाहावे. मग तो दुसरा देवळातला असो, मशिदीतला असो की चर्चमधला असो. आमच्या आणि पाद्रीबुवांच्या धंद्यात एक साम्य आहे. जो माणूस आपल्याकडे येत नाही, त्याच्यापर्यंत आपण जायचे कसे, हा प्रश्न दोघांनाही रोज पडतो.

हल्ली या प्रश्नाचे उत्तर म्हणून खिशातला मोबाइल पुढे केला जातो. २०२० साली टाळेबंदीत जगभर चर्चची दारे बंद झाली, तेव्हा पुष्कळ धर्मगुरूंनी रिकाम्या बाकांपुढे उभे राहून फोनच्या भिंगासमोर उपासना चालवली. टाळेबंदी उठली, पण ती सवय मागे राहिली. आज प्रवचन फेसबुकवर असते, प्रार्थनेची विनंती व्हॉट्सअ‍ॅपवर येते. कोणी म्हणतात, याने धर्म बिघडला. कोणी म्हणतात, धर्माला नवे पाय फुटले. मला दोन्ही मते घाईची वाटतात; कारण पाद्री आणि यंत्र यांची ओळख आजची नाही.

आपल्या घरातलेच उदाहरण घ्या. अमेरिकन मराठी मिशनचे 'ज्ञानोदय' १८४२ साली अहमदनगरहून निघू लागले. त्याच मिशनच्या मुंबईतल्या छापखान्यात थॉमस ग्रॅहम यांनी देवनागरी खिळ्यांना सुबक वळण दिले. तिथे जावजी दादाजी नावाचा एक गरीब मुलगा खिळे घासण्याच्या कामावर लागला. याच जावजींनी पुढे निर्णयसागर छापखाना काढला आणि त्यातून संस्कृत ग्रंथांच्या नामांकित आवृत्त्या बाहेर पडल्या. मिशनऱ्यांनी यंत्र आणले ते आपल्या धर्मासाठी. पण खिळ्याचे कसब कामगाराच्या हातात गेले आणि त्याने आपल्या मनाप्रमाणे ते वापरले. यंत्र धन्याचे राहते, कसब शिकणाऱ्याचे होते. एवढे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मी तुम्हाला दोन धर्मगुरूंची हकीकत सांगतो. दोघेही कॅथलिक, आणि दोघांच्याही हाती आलेले यंत्र एकच: रेडिओ.

पहिले फादर चार्ल्स कॉग्लिन. अमेरिकेत डेट्रॉइट या मोटारींच्या शहराजवळ रॉयल ओक येथे त्यांचे लहानसे चर्च होते. १९२६ साली त्यांनी रेडिओवर बोलायला सुरुवात केली. आवाज गोड, बोलणे साधे. १९२९ नंतर मंदी आली, कारखाने ओस पडले, बँका बुडाल्या. तेव्हा हे फादर सावकारांवर आणि बँकवाल्यांवर आसूड ओढू लागले, आणि बेकार कामगाराला वाटले की, आपल्या मनातले बोलणारा कोणीतरी भेटला. त्यांच्या श्रोत्यांची संख्या तीन कोटींपर्यंत असावी असे अंदाज आहेत. टपालाच्या थैल्या भरून पत्रे येत, पत्रांतून डॉलरच्या नोटा निघत, आणि ती फोडायला कारकुनांची फौज लागे.

इतके श्रोते पाठीशी असल्यावर माणसाला वाटू लागते की, आपण लोकांचे पुढारी झालो. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत कॉग्लिन यांनी रूझवेल्ट यांच्याविरुद्ध लेम्के नावाच्या उमेदवाराची बाजू उचलली. नव्वद लाख मते मिळवून दिली नाहीत तर रेडिओ सोडीन, अशी प्रतिज्ञा केली. मते पडली नऊ लाखांच्या आत! मंडळी, आम्हा संघटनावाल्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. ऐकणारे कोट्यवधी, पण हाक दिल्यावर उठणारे थोडे. कारण श्रोता आणि सभासद या दोन वेगळ्या जाती आहेत.

प्रतिज्ञेप्रमाणे त्यांनी रेडिओ सोडला. पण काही आठवड्यांतच, १९३७ च्या जानेवारीत, ते परत आले. डेट्रॉइटच्या मोटार कामगारांची नवी संघटना उभी राहत होती, तिला त्यांनी विरोध केला. यहुद्यांविरुद्ध ते उघड विष ओकू लागले. १९३८ साली त्यांच्या साप्ताहिकाने यहुद्यांची बदनामी करणारे एक कुप्रसिद्ध बनावट लिखाण छापले. आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात जर्मनीत यहुद्यांची घरे-दुकाने जाळली गेली, त्यानंतर थोड्याच दिवसांत हे गृहस्थ रेडिओवरून त्या अत्याचारांची तरफदारी करीत होते. १९४० मध्ये त्यांचा रेडिओ थांबला, १९४२ मध्ये साप्ताहिक बंद पडले आणि वरिष्ठांनी त्यांना राजकारण सोडायला लावले. चुकलेल्या माणसाला आपले लोक टोकतात. पण जिथे बोलणारा एक आणि बाकी सगळे ऐकणारे, तिथे टोकायचे कोणी?

दुसऱ्या धर्मगुरूसाठी दक्षिण अमेरिकेत, कोलंबिया देशात जावे लागेल. बोयाका प्रांतातल्या डोंगरात सुतातेन्सा नावाचे एक खेडे आहे. तिथे १९४७ साली होसे होआकिन साल्सेदो नावाचा तरुण सहायक धर्मगुरू आला. गावातले शेतकरी गरीब आणि बहुतेक निरक्षर. करमणूक म्हणजे दारू. या तरुणाला यंत्रांचे वेड होते. त्याने प्रथम सिनेमाचे खेळ दाखवले. नाटकघर बांधायचे ठरले तेव्हा लोकांजवळ पैसा नव्हता. त्यांनी कोंबड्या आणून दिल्या आणि त्या विकून काम सुरू झाले. दरम्यान एक लहानसा प्रक्षेपक उभा राहिला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात पहिला कार्यक्रम हवेत गेला. त्यात गावच्याच शेतकऱ्यांचे गाणेबजावणे होते.

इथपर्यंत दोन्ही गोष्टी सारख्याच वाटतील. फरक आहे तो रेडिओच्या दुसऱ्या टोकाला. साल्सेदो यांनी ओळखले की, नुसता आवाज घरात शिरला म्हणजे अक्षर डोक्यात शिरत नाही. म्हणून त्यांनी रेडिओशाळा काढल्या. एखाद्या घरी रेडिओ ठेवायचा, शेजारपाजारची पाच-दहा माणसे संध्याकाळी जमवायची, आणि त्यांच्यातल्याच थोडेफार लिहितावाचता येणाऱ्या एकाला मदतनीस नेमायचे. रेडिओवरचा शिक्षक अक्षर सांगे, हा शेजारी ते फळ्यावर काढी, आणि कोणाचा हात अडला तर तो धरून वळवी. आरोग्य, अक्षर, आकडा, काम आणि संसाराचा हिशेब, आणि अध्यात्म असे पाच विषय होते. १९५८ साली 'एल काम्पेसिनो', म्हणजे 'शेतकरी', नावाचे साप्ताहिक निघाले. कारण अक्षर शिकलेल्याला वाचायला काही नको काय?

आणि पत्रे! इथेही पत्रे आली. वर्षानुवर्षे मिळून दहा लाखांहून अधिक. पण उत्तर देणे हे इथे एक स्वतंत्र खाते होते. बटाट्याला कीड लागली, काय करू? मूल आजारी आहे, काय करू? उत्तर जाई. ज्याने आयुष्यात कधी कागदाला हात लावला नव्हता, त्याच्या नावावर टपाल येई. त्या माणसाला त्या दिवशी काय वाटले असेल, हे ज्याच्या घरी कधी पत्र आले नाही त्याला विचारा.

मी या कामाला देवत्व देत नाही. या रेडिओंपैकी पुष्कळ असे बनवले होते की, त्यांवर सुतातेन्साखेरीज दुसरे केंद्र लागू नये. संघटनेचा माणूस म्हणून मला ते खटकते. ऐकणाऱ्याचा कान कोणी बांधून ठेवू नये. साम्यवादाला अटकाव हाही त्या कामाचा एक हेतू होता, आणि सरकारचे व चर्चचे पाठबळ त्यामुळेही मिळत होते. पण गंमत पाहा. कसब शिकणाऱ्याचे होते, हे मघाचे वाक्य इथे लागू पडते. अक्षर आले की शेतकरी स्वतःचा विचार करू लागतो. पुढे याच संस्थेने जबाबदार पालकत्वाचा, म्हणजे मुले किती असावीत याचा विचार आईबापांनी करावा, असा पाठ सुरू केला, तेव्हा चर्चच्या वरिष्ठांशीच तिचे खटके उडाले. पैशाची ओढाताण वाढली, काळ बदलला, आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस केंद्रे विकावी लागली. यंत्र गेले. शिकलेल्यांचे अक्षर कोणाला विकता आले नाही.

आता थोडे माझ्याविषयी, कारण दुसऱ्यांचे दोष सांगून उतरणे बरे नव्हे. काही वर्षांपूर्वी आम्ही संघटनेचा व्हॉट्सअ‍ॅपवर गट काढला. चारशेच्या आसपास सभासद. मी हरखून गेलो. पूर्वी पत्रके वाटायला दोन दिवस लागत, आता एका बोटाचे काम! रोज सकाळी मी लांबलचक मजकूर टाकी आणि किती जणांनी वाचला ते मोजीत बसे. घरोघर जाणे हळूहळू कमी झाले. एका रात्री एका कंत्राटी कामगाराने त्याच गटात लिहिले, "भाऊ, तीन महिने पगार नाही, खोलीचे भाडे थकले, काय करू?" सकाळपर्यंत त्या ओळीवर फुलांची चित्रे, सुविचार, आणि माझाच एक भला मोठा मजकूर येऊन पडला होता. तिथे मी कामगारांच्या एकजुटीविषयी लिहिले होते! पंधरा दिवसांनी मी त्याच्या खोलीवर गेलो, तेव्हा दाराला कुलूप होते. शेजारीण म्हणाली, "बायकोमुलांना घेऊन गावी गेला. तुमच्या संघटनेला लिहिलं होतं म्हणत होता."

यात दोष यंत्राचा नव्हता. त्याने निरोप आणून पोचवला होता. वाचणारा मी होतो, आणि मी बोलण्यात गुंतलो होतो. सुतातेन्साची हकीकत मी नंतर वाचली आणि मला माझी चूक नेमकी कळली. आता आम्ही दर दहा-बारा कामगारांमागे त्यांच्यातलाच एक माणूस नेमला आहे. तो निरोप वाचतो आणि गरज पडली तर संध्याकाळी सायकल काढून घरी जातो. माझा सकाळचा मजकूर चार ओळींवर आला आहे. सभासदांची त्याबद्दल तक्रार नाही!

तेव्हा, कोणी धर्मगुरू, पुढारी किंवा समाजसेवक नवे यंत्र हाती घेतो आहे असे दिसले तर त्याला हसू नका आणि लगेच हारही घालू नका. त्याचा आवाज किती लांब जातो हे तो स्वतःच सांगेल. तुम्ही एवढेच विचारा: बुवा, तुम्हाला आलेल्या निरोपांना उत्तर कोण देतो? आणि ज्याचा निरोप यायचा अचानक बंद झाला, त्याच्या दारी कोण जातो? ज्याच्यापाशी या दोन प्रश्नांना माणसांची नावे आहेत, त्याच्या हाती रेडिओ असो, मोबाइल असो की उद्याचे आणखी काही असो, मला भीती वाटत नाही. ज्याच्यापाशी नुसते आकडे आहेत, त्याच्यापासून जपून राहा. तो आज गोड बोलत असला तरीही.

माझेही इतका वेळ एकट्याचेच बोलणे झाले. आता हा ध्वनिक्षेपक बंद करून मी खाली येऊन बसतो. ज्यांना मला काही विचारायचे असेल किंवा टोकायचे असेल, त्यांनी जवळ यावे.