द्रव हेलियम आणि चौथा ध्वनी
(भूगाव येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



हेलियमचे नाव निघाले की कोकणातील विजयदुर्ग आठवतो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाच्या आठवणीचे ‘साहेबाचे ओटे’ तेथे आजही दाखवतात. मात्र नॉर्मन लॉकियर यांनी सूर्यप्रकाशातील ती पिवळी रेषा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून पाहिली, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

१९०८ साली कॅमरलिंग ओन्स यांनी लायडन येथे हा वायू द्रवरूप केला. तपमान उणे २६९ अंश सेल्सियस. उणे २७१ अंशांच्या आसपास हा द्रव अतिप्रवाही होतो. मग जणू दोन द्रव एकत्र नांदतात : एक साधा, चिकट, दुसरा चिकटपणा मुळीच नसलेला. ते गाळून वेगळे काढता येत नाहीत. मग कोणाचा वाटा किती, हे कसे ओळखावे?

आपल्या घरचा माठ पाहा. त्याच्या रंध्रांतून पाणी पाझरते, पण हळूहळू. कारण ते चिकट आहे. शास्त्रज्ञांनी अतिशय बारीक भुकटी दाबून भरली व तिच्या रंध्रांत हा द्रव सोडला. चिकट भाग भिंतींना धरून राहिला. आवाजाच्या लाटेबरोबर हलला तो केवळ अतिप्रवाही भाग. या लाटेला ‘चौथा ध्वनी’ म्हणतात. तिचे भाकीत अ‍ॅटकिन्स यांनी १९५९ मध्ये केले. रुडनिक आणि शापिरो यांनी १९६२ मध्ये ती प्रयोगाने दाखविली.

आता गणित सोपे आहे. रंध्रांच्या वळणांची दुरुस्ती केल्यावर वेगाचा वर्ग अतिप्रवाही वाट्याच्या प्रमाणात असतो. मोकळ्या द्रवात आवाज सेकंदाला २२० मीटर जातो आणि भुकटीत ११० मीटर भरला, तर वेग निम्मा. म्हणजे वाटा एक चतुर्थांश. जे डोळ्यांना दिसत नाही, ते असे कानाने मोजले जाते.

पालक विचारतील, याचा उपयोग काय? प्रश्न रास्त आहे. दवाखान्यातील एमआरआय यंत्रांचे चुंबक द्रव हेलियमने थंड ठेवतात. जिनिव्हाजवळच्या प्रचंड कणत्वरकाला तर अतिप्रवाही हेलियमच लागतो. आपल्या मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही अतिशीत तपमानावर संशोधन चालते. तेथे काम करणारी माणसे कधीतरी शाळेच्या बाकावरच बसलेली होती.

म्हणून माझी विनंती एवढीच : दहावीनंतर मुलाने किंवा मुलीने विज्ञान शाखा मागितली, तर ‘आपल्याला काय करायचे?’ असे म्हणू नका. आधी तिच्या शिक्षकांना भेटा, मग निर्णय घ्या.