हलकं काम कोणतं?

(शेतमजूर बायांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

यवतमाळ जिल्हा म्हटलं की कापूस आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या, एवढंच बाहेरच्यांना आठवतं. मी आज बोलणार आहे ते कापूस घरात आल्यानंतरच्या दिवसांबद्दल. राळेगाव तालुक्यातल्या मजूर बाया उन्हाळ्यात काय करतात आणि त्यांच्या कामाचं मोल कसं ठरतं, हे आपण नीट पाहायला हवं.

आमच्याकडे बहुतेक शेती पावसावरची. दिवाळीच्या सुमारास सुरू झालेली वेचणी फेब्रुवारीपर्यंत आटोपते. तिथून मृगापर्यंत मजुराच्या हाताला फारसं काम नसतं. ज्याच्या विहिरीला पाणी टिकतं किंवा बेंबळा प्रकल्पाच्या कालव्याचं पाणी ज्याच्या वावरापर्यंत पोचतं, तो भेंडी, गवार, वांगी, टमाटे, सांभार लावतो. पुरुष बांधकामावर बाहेरगावी जाऊ शकतात. लेकरं, म्हातारी माणसं आणि घरचं पाणी टाकून बाई जाऊ शकत नाही. म्हणून ती या भाजीच्या वावरात येते, आणि ठरलेला रोज मुकाट्यानं घेते. दुसरीकडे कुठे जाणार?

गेल्या मे महिन्यात अशाच एका गटाबरोबर मी दिवसभर मजुरीला गेले. एका दिवसात मला त्यांचं सगळं दुःख कळलं, असं मी म्हणणार नाही. पण बैठकीत सतरंजीवर बसून जे कोणी बोलत नाही, ते शेजारच्या ओळीत वाकलेली बाई सहज बोलून जाते.

सहाला वावरात हजर व्हायचं म्हणजे चारला उठायचं. पाणी, भाकरी, झाडझूड, सगळं उरकून यायचं. प्रत्येकीनं साडीवर नवऱ्याचा जुना लांब बाह्यांचा शर्ट चढवला होता. भेंडीच्या झाडाला बारीक लव असते, ती अंगाला लागली की खाज सुटते आणि घाम आला की आग होते. मला बघून एक वयस्क मावशी म्हणाल्या, ‘ताई, तुमच्यानं होईन का? कंबर मोडते बरं.’

भेंडी तोडणं म्हणजे दिसेल ते तोडणं नव्हे. फूल गळल्यावर चार-सहा दिवसांत फळ तोडायला येतं. आज कोवळी राहिलेली परवा जून होते, आणि जून भेंडीला बाजारात कोणी विचारत नाही. कोवळं फळ तोडलं तर मालकाचं वजन बुडतं, जून सुटलं तर भाव बुडतो. पानाआड लपलेलं फळ हेरायचं, देठ न फाडता मोडायचं, कळीला धक्का लागू द्यायचा नाही, आणि हे सगळं वाकून, एकीच्या मागे एक, हात न थांबवता. मावशींची ओळ संपायची तेव्हा मी माझ्या ओळीच्या निम्म्यावर असायची. त्यांना हे कोणी शिकवलेलं नाही, आणि ‘तुम्हाला कसब आहे’ असंही कोणी कधी म्हटलेलं नाही.

अकराच्या सुमारास टोपली डोक्यावर घेऊन बांधापर्यंत आणायची. मग झाडाखाली बसून माल निवडायचा, वाकडी-किडकी वेगळी काढायची, कॅरेट भरायचे. ‘बसून’ केलेलं हे काम कोणी कामात धरत नाही. दुपारी ऊन इतकं की विळ्याची मूठसुद्धा तापते. चारनंतर पुन्हा सांभारातलं निंदण. दिवस मावळताना आम्हाला प्रत्येकी अडीचशे रुपये मिळाले. पाणी देणाऱ्या गड्याला चारशे.

गड्याचं काम सोपं नाही. शेतीची वीज कधी दिवसा येते, कधी रात्री. रात्रीच्या पाळीत तो काट्याकुट्यात, सापाविंचवात उभा असतो. त्याचे चारशे जास्त आहेत असं कोणीच म्हणत नाही. प्रश्न आमच्या अडीचशेचा आहे. मी विचारलं, तर उत्तर आलं, ‘बायांचं काम हलकं असते.’ आणि बायाही मान डोलावून म्हणाल्या, ‘हलकंच हाय ना ताई, नांगर थोडीच धरतो?’

मैत्रिणींनो, खरी गोम इथे आहे. समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला. तो आता २०१९ च्या वेतन संहितेत सामावला आहे आणि ही संहिता नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. १९७६ च्या कायद्यानं फक्त ‘तेच काम’ म्हटलं नव्हतं, ‘समान स्वरूपाचं काम’ म्हटलं होतं. लागणारं कसब, श्रम आणि जबाबदारी सारखी असेल तर ते काम समान. आता गावात काय होतं? कामंच आधी वाटून टाकली जातात. तोडणी-निंदण बाईचं, पाणी-फवारणी गड्याचं. मग म्हणायचं, कामं वेगळी, म्हणून दाम वेगळा. कायदा मोडावाच लागत नाही!

पण जिथे काम मोजलं जातं, तिथे हा हिशेब टिकत नाही. कापूस वेचणीला किलोवर पैसे मिळतात, तिथे चपळ बाई गड्याच्या पुढे जाते. महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्याखाली खोदलेल्या मातीचं माप घेऊन मजुरी ठरली. बाई-पुरुष दर एकच, आणि कामावर पाळणाघराची तरतूद. त्या कामांवर लाखो बाया गेल्या त्या उगाच नाही.

दुसरी गोष्ट विषाची. २०१७ साली आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. तेव्हा चर्चा झाली ती पंप पाठीवर घेणाऱ्यांची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण फवारणीला पाणी आणून देणारी बाई? आणि भाजीचं काय? भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते. काल फवारलं असेल तर आज त्याच झाडात उघडे हात घालणारी बाईच असते. औषधाच्या डब्यावर किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं. ते तिला कोणी वाचून दाखवत नाही.

आता काही जणी म्हणतील, मालकालाच कुठे परवडतं? खरं आहे. आवक वाढली की भेंडीचा भाव तोडणीच्या मजुरीलाही पुरत नाही. शिवाय त्या वावरात मालकीणबाई दिवसभर आमच्याच ओळीत होत्या. त्यांना तर रोजही नाही, आणि सातबाऱ्यावर नावही नाही. १९८६ च्या चांदवडच्या अधिवेशनात शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीनं बाईच्या कष्टाचा प्रश्न मांडला, आणि पुढे लक्ष्मीमुक्तीतून बायकोच्या नावावर जमीन करण्याची हाक दिली गेली. ते काम अजून अपुरंच आहे. म्हणून मजूर बाई आणि मालकीणबाई यांना एकमेकींसमोर उभं करणारी भाषा आपण वापरू नये. पण भाव पडला की तोटा सगळ्यात आधी मजूर बाईच्या रोजातून वळता करायचा, हेही आपण मान्य करणार नाही.

मग करायचं काय? गटांनी हंगाम सुरू होण्याआधी, मार्चमध्येच, गावात एकत्र बसून रोज ठरवावा. एकटी बाई बोलली तर तिला उद्या बोलावणार नाहीत, वीस जणी बोलल्या तर भेंडी जून होईल. हे आपलं बळ आहे, ते ओळखा. निवडण्याचे, कॅरेट भरण्याचे तास रोजात धरायला लावा. फवारणी कधी झाली हे तोडणीआधी सांगितलंच पाहिजे, ही अट घाला. पिण्याचं पाणी, सावली आणि दुपारची सुटी मागा. आणि सरकारनं ठरवलेला किमान वेतनाचा दर गावात मोठ्या अक्षरात भिंतीवर लिहा.

या सगळ्याच्या आधी एक काम आहे. पुढच्या बैठकीत बायांना विचारा, हलकं काम कोणतं? एकेकीला आपल्या दिवसातलं प्रत्येक काम तासांसह सांगू द्या, आणि फळ्यावर लिहा. ती यादी त्यांनी स्वतः वाचली की ‘आमचं काम हलकं’ हे वाक्य त्यांच्या तोंडून पुन्हा सहजासहजी येणार नाही. आणि रोजाची बोलणी तिथूनच सुरू करता येतील.